पुढचा ऑल-इन-वन घ्यायच्या आधी हार्डवेअरची मागणीयादी कशी करायची

ताईचा ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या पेटीतच कॉम्प्युटर बसवलेलं मशीन, २०१७ चा आहे, साडेएकवीस इंची, आणि त्याची स्क्रीन आजही अगदी धडधाकट आहे, एक डाग नाही, एक रेघ नाही. पण आत प्रोसेसर सातव्या पिढीचा आय५, त्याला विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. साधा डेस्कटॉप असता तर खालचा सीपीयूचा डबा बदलून वरचा मॉनिटर तसाच ठेवला असता ना, इथे दोन्ही एकाच पेटीत बंद. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चांगली स्क्रीन भंगारात घालणं म्हणजे नुसते पैसे घालवणं नाही, आठ वर्षं रोज आठ तास डोळ्यासमोर असलेली वस्तू आहे ती.

ताई सावंतवाडीला घरीच डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका, बिलबुकं. टेबल लहान, म्हणून ऑल-इन-वनच हवा, एक वायर आणि काम सुरू. तर पुढच्या मशीनमध्ये काय काय पाहिजे याची यादी आम्ही दोघांनी वहीत केली, ती कशी केली ते सांगतो, तुमचं काम वेगळं असेल तरी पद्धत हीच चालेल.

आधी इच्छा लिहू नका, आधी आत्ताचं मशीन कुठे अडतंय ते बघा. सगळ्यात गर्दीच्या दिवशी, म्हणजे डिझाइनचं कोरल उघडं, फोटोशॉप उघडं, ब्राउझरमध्ये वीस टॅब, व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाईकाचे फोटो येतायत अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय, डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली असेल तर दोष तिचा, आणि दोन्ही निवांत असून प्रोसेसर वर असेल तरच प्रोसेसरला बोल लावा. मॅकवाल्यांनी अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघायचा, हिरवा असेल तर ठीक, पिवळा-लाल वारंवार येत असेल तर रॅम. ताईच्या मशीनमध्ये २०२० साली डिस्क कायम १०० वर असायची, आत ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क होती आणि रॅम फक्त ४ जीबी. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली, ८ जीबी रॅमची एक पट्टी जोडली आणि ते मशीन पुढे पाच वर्षं कामाला आलं. नवीन घ्यायचं त्या वेळी कोणाच्या मनातही आलं नाही.

यावरूनच वहीची दोन पानं ठरली. एका पानावर नंतर बदलता येणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यावर विकत घेतानाच कायमच्या ठरणाऱ्या. पॅनेल म्हणजे स्क्रीन, प्रोसेसर, पोर्ट या गोष्टी कायमच्या. एसएसडी बहुतेक वेळा बदलता येते, रॅम कधी येते कधी नाही. पैसे पहिल्यांदा कायमच्या पानावर घालायचे, आणि बदलता येणारं सुरुवातीला कमी घेतलं तरी चालतं. दुकानात बरेचदा उलटं होतं, १ टीबी एसएसडीच्या नावाखाली साधं पॅनेल गळ्यात पडतं.

आता खऱ्या मागण्या. आमची पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी व्हिडिओ इनपुटची आहे, म्हणजे आतलं मशीन म्हातारं झालं की बाहेरून लॅपटॉप किंवा छोटा मिनी पीसी जोडून तीच स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता आली पाहिजे. ही काही हवेतली मागणी नाहीये. अॅपलच्या २००९ च्या २७ इंची आयमॅकपासून ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड होता, केबल लावा, कमांड आणि एफ२ दाबा, आयमॅकचा मॉनिटर झाला. मग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ५के आयमॅक आला आणि ही सोय गेली. ५१२० गुणिले २८८० म्हणजे जवळपास १ कोटी ४७ लाख पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, त्याला सेकंदाला साधारण २१ गिगाबिटचा ओघ लागतो आणि त्या काळच्या डिस्प्लेपोर्ट १.२ या चित्र नेणाऱ्या जोडणीच्या एका केबलमधून १७ च्या आसपासच जात होता. तेव्हा अडचण खरी होती. पण आज थंडरबोल्ट ४ मधून ४० गिगाबिट जातात, ५केचा मॉनिटर एका केबलवर आरामात चालतो, मग ती सोय परत का नको? विंडोजवाल्या काही ऑल-इन-वनना एचडीएमआय इन असतं, पण नुसतं एचडीएमआय लिहिलंय म्हणून फसू नका, खूप मॉडेलमध्ये ते आउट असतं, म्हणजे त्यातून चित्र बाहेर जातं, आत येत नाही. पोर्टवर इन असं छापलेलं बघा, आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा, आतला कॉम्प्युटर बंद असताना हे इनपुट चालतं का. बोर्ड खराब झाल्यावरही स्क्रीन वाचेल की नाही ते या एका उत्तरावर ठरतं.

दुसरी मागणी रॅमची. २०२० चा २७ इंची आयमॅक आठवा, मागे पॉवरची केबल काढली की तिच्या खाचेत एक बटण, ते दाबलं की झाकण उघडायचं, आत चार स्लॉट, १२८ जीबीपर्यंत रॅम घरच्या घरी टाकता यायची. आताच्या एम४ आयमॅकमध्ये १६ पासून सुरुवात आणि जास्तीत जास्त ३२, आणि तेही घेतानाच ठरवायचं, कारण मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते. त्याचा फायदाही आहे, मेमरी जवळ असल्याने वेग चांगला मिळतो आणि वीज कमी लागते, हे मान्य करायलाच पाहिजे. पण आता मधला रस्ता निघालाय. एलपीकॅम२ नावाची मेमरीची चपटी पट्टी आली आहे, तीच कमी विजेची वेगवान मेमरी, पण सोल्डर न करता, म्हणजे बोर्डाला कायमची न डागता, स्क्रूने बसवलेली. या प्रकारच्या पट्ट्यांचं मानक जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये काढलं आणि २०२४ मध्ये लेनोव्होने थिंकपॅड पी१ मध्ये ती वापरलीसुद्धा. लॅपटॉपच्या पातळ अंगात जे मावतं ते २४ इंची पेटीत मावायला काहीच हरकत नाही, म्हणून आमच्या वहीत एलपीकॅम२ ला ठळक गोल केलाय. तोपर्यंत विंडोजमध्ये साधे लॅपटॉपवाले दोन सोडिम स्लॉट असलेलं मॉडेल घ्या आणि सुरुवातीला एकाच स्लॉटमध्ये १६ ची पट्टी मागा, दुसरा मोकळा ठेवा.

आणि सोल्डर रॅमचंच मशीन आवडलं असेल तर मनातल्या आकड्यापेक्षा एक पायरी वरचं घ्या, पुढे वाढवायचा मार्गच नसतो.

एसएसडीसाठी एम.२ चा २२८० स्लॉट मागा, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, ही साइज कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. एक नाही, दोन हवेत, एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर कामाच्या फाइल्स, म्हणजे विंडोजची गेली तरी गिऱ्हाईकाचं काम जात नाही. पण स्लॉट असून उपयोग काय जर आत पोचताच येत नसेल! २०१२ च्या शेवटापासून आयमॅकची स्क्रीन कडेने चिकटपट्टीने बसवतात, उघडायला पिझ्झा कापायच्या चाकासारखं एक हत्यार कडेने फिरवायचं आणि बंद करताना नवीन चिकटपट्टी लावायची. त्याआधी २००९ ते २०११ च्या मॉडेलमध्ये पुढची काच लोहचुंबकावर बसायची. आम्हाला मागच्या बाजूला दोन स्क्रूचं झाकण पाहिजे, त्यामागे रॅम, एसएसडी आणि पंखा. पंखा मुद्दाम लिहिलाय, कारण पातळ पेटीत हवा जायच्या फटी बारीक असतात, धूळ बसली की पंखा किंचाळायला लागतो, मशीन तापतं आणि प्रोसेसर आपोआप हळू होतो, आणि आपल्याला वाटतं मशीन जुनं झालं. साफ करायला स्क्रीन उचकटावी लागू नये एवढंच म्हणणं आहे, पावसाळ्यात कोकणात तर पोर्टच्या कडांनासुद्धा गंज येतो.

विजेचं. आमच्याकडे मे-जूनमध्ये वारा सुटला की लाइट गेलीच म्हणून समजा, टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी लागते. मागणी अशी की ऑल-इन-वनच्या आतच छोटी बॅटरी द्यावी, तासभर नको, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला दहा मिनिटं पुरेत. आणि अॅडॅप्टर यूएसबी-सीचा असावा. यूएसबीच्या २०२१ च्या मानकात २४० वॅटपर्यंत वीज एका यूएसबी-सी केबलमधून देता येते, आणि २४ इंची आयमॅकचा अॅडॅप्टर १४३ वॅटचा आहे, म्हणजे बसतं की गणित. दरवेळी वेगळ्या पिनचा कंपनीचाच चार्जर शोधत कोल्हापूर-पणजीचे फोन करायचे, ते तरी थांबेल.

बाकीचं पटकन सांगतो. स्टँड वर-खाली होणारा हवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली यायला हवी, नाहीतर मान धरते, आणि आयमॅकचा स्टँड अजूनही फक्त पुढे-मागे कलतो. तेही नसेल तर वेगळा स्टँड लावायला वेसा मानकाची १०० गुणिले १०० मिलिमीटरची भोकं तरी द्या. निदान दोन यूएसबी पोर्ट कडेला किंवा पुढे हवेत, पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाईक येतं तेव्हा पेटी फिरवायची नसते. कॅमेऱ्याला झाकण.

दुकानात यादी घेऊन जा आणि डेमोचं मशीन चालू करायला लावा. परत टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, आणि फॉर्म फॅक्टरसमोर सोडिम असेल तर पट्टी आहे, रो ऑफ चिप्स असं असेल तर रॅम बोर्डला सोल्डर आहे असं समजा. सेल्समन काहीही म्हणो. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू असेल तर तो लॅपटॉपचा कमी वीज खाणारा प्रोसेसर, पत्रिका आणि बिलबुकांना पुरतो, पण व्हिडिओ एडिटिंग रोज करणार असाल तर विचार करा. मागच्या सगळ्या पोर्टचा फोटो काढा, मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्या आणि त्या दिवशी पैसे देऊ नका. घरी येऊन त्या नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. एचपी, लेनोव्हो, डेल तिघंही बऱ्याच मॉडेलची मॅन्युअल फुकट देतात, त्यात झाकण कसं उघडायचं, स्लॉट कुठे आहेत, सगळं चित्रांसकट असतं. मॅन्युअलमध्ये एसएसडीपर्यंत पोचायला पंधरा पायऱ्या आणि स्क्रीन काढणं असेल तर ते मॉडेल यादीतून खाली सरकवा.

शेवटी मागण्यांना क्रम लावा, आणि वरच्या तीनच कंपनीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा, कामाच्या उदाहरणासकट, कारण तीस मागण्यांची यादी कोण वाचणार. ताईने असं पाठवलंय: मी घरून पत्रिका आणि स्मरणिका करते, माझ्या जुन्या मशीनची स्क्रीन चांगली आहे पण ती दुसऱ्या कशालाच जोडता येत नाही, पुढच्या मॉडेलमध्ये एचडीएमआय इन द्या, रॅमला झाकण द्या आणि लाइट गेल्यावर दहा मिनिटं द्या.