दोन महिने अंगात, दहा महिने ट्रंकेत : लोकरीच्या कपड्यांची निगा

पुण्यात किंवा नाशिकमध्ये स्वेटर जेमतेम दोन-अडीच महिने अंगावर असतो. दिवाळीनंतर तो बाहेर निघतो, होळी जळाली आणि थंडी पळाली असे म्हणत पुन्हा ट्रंकेत जातो, आणि मधला सगळा काळ, म्हणजे वैशाखातला उकाडा आणि जून ते सप्टेंबरचा दमट पावसाळा, घडी घातलेल्या अवस्थेतच काढतो. थंड मुलुखातल्या लोकांसाठी लिहिलेल्या सूचना म्हणूनच आपल्याला अर्ध्याच उपयोगी पडतात. त्यांचे स्वेटर वापरून झिजतात, तर आपले बहुधा पडून पडून खराब होतात. धुणे आणि ठेवणे या दोन गोष्टींवर पुढे बराच वेळ घालवला आहे तो त्यामुळेच.

आधी कपडा कशाचा आहे ते ओळखावे. आपण दुकानात ज्याला सरसकट ‘लोकरीचा गुंडा’ म्हणतो, तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. विकत घेतलेल्या स्वेटरच्या आतल्या शिवणीवरची पट्टी वाचावी. तिच्यावर लोकरीचे प्रमाण टक्क्यांत दिलेले असते. १९६४ पासून वापरात असलेले ‘वूलमार्क’ हे लोकरीच्या पिळासारखे दिसणारे चिन्हही खात्रीचे मानले जाते. पट्टी नसेल, घरी विणलेला किंवा कोणी दिलेला कपडा असेल, तर शिवणीच्या आतून धाग्याचा बोटभर तुकडा काढून तो चिमट्यात धरावा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे राहिलेली राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळत वितळत जळते आणि त्याचा कडक काळा मणी उरतो. वास केसाचा पण उरलेला मणी कडक, असे झाले तर धागा मिश्र आहे असे समजावे आणि धुताना त्याला लोकरीचाच मान द्यावा.

हा मान द्यायचा कशासाठी, तर लोकर हा शेवटी केस आहे. तिच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे हे तिन्ही एकत्र आले की हे खवले उघडतात, तंतू एकमेकांत सरकत जातात आणि परत मागे येऊ शकत नाहीत. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकर दाबून घट्ट केलेला जाड गालिचा, याच गुणावर तयार होतो, पण स्वेटरचा नमदा कोणालाच नको असतो. मावशीने विणलेला एक तपकिरी स्वेटर मी एकदा गिझरच्या पाण्यात इतर कपड्यांबरोबर भिजवला आणि सवयीने ब्रशही मारला. सुलट-उलट टाक्यांच्या सुंदर पट्ट्या नाहीशा होऊन बाह्या टोपीच्या कापडासारख्या घट्ट झाल्या आणि तो स्वेटर पुढे आठ वर्षांच्या भाच्याला बेताचा बसला. असा आटलेला कपडा पूर्ववत होत नाही. ओला असताना ओढून थोडाफार वाढतो, इतकेच.

धुण्याची रीत

लोकर प्रत्येक वेळी घातल्यावर धुवायची नसते. संध्याकाळी काढल्यावर खुर्चीच्या पाठीवर रात्रभर वाऱ्याला ठेवला आणि एक दिवस विश्रांती दिली, तर आत सुती सदरा घालून वापरलेला स्वेटर सहज सहा-सात वेळा वापरता येतो. डाग पडला तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने टिपावा.

धुवायचे ठरले की स्वेटर उलटा करावा आणि गुंड्या लावून घ्याव्यात. मोठ्या घमेल्यात किंवा टबात पाणी घ्यावे. ते कोपराला गार लागणार नाही आणि ऊनही लागणार नाही, इतपतच असावे. अंशांत सांगायचे तर ३० च्या वर नको. नेहमीची कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते आणि तिच्यात प्रथिने फोडणारी विकरेही (एन्झाइम) असू शकतात. लोकर स्वतःच प्रथिन असल्याने ही पावडर तिला मानवत नाही. लोकरीसाठी मिळणारा द्रव साबण वापरावा, नाहीतर रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेले पाणी घ्यावे. रेशमी साड्या आणि शाली धुण्याची आपल्या घरांतली ही जुनी पद्धत आजही उत्तम चालते. मात्र पांढऱ्या स्वेटरवर रिठ्याची किंचित पिवळट झाक राहू शकते.

स्वेटर पाण्यात दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. चोळणे, आपटणे, पिळणे यातले काही करू नये. दहा मिनिटे पुरेत. खंगाळण्याचे पाणीही पहिल्याइतकेच कोमट असावे, कारण उष्णतेतला अचानक बदलही लोकरीला सोसत नाही. बाहेर काढताना खांद्याला धरून उचलू नये. पाण्याच्या भाराने ओली लोकर लोंबते आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. दोन्ही हात खाली घालून, तान्हे मूल उचलावे तसा तो सगळा एकत्र उचलावा. मग जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळावा आणि त्या वळकटीवर गुडघा टेकवून दाबावे. निम्मेअधिक पाणी टॉवेल पिऊन टाकतो.

वाळवण्यासाठी दोरी नकोच. सुंभाची किंवा नवारीची बाज असेल तर तिच्यावर सुती चादर अंथरून स्वेटर आडवा पसरावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. बाज नसेल तर दोन खुर्च्यांवर ठेवलेली मोठी चाळणी किंवा जाळी चालते. पसरताना बाह्या, गळा आणि कमरेची पट्टी हातांनी जुळवून मूळ मापात आणावी. कपडा वाळतो तो याच आकारात. जागा सावलीची आणि हवेशीर असावी.

ॲक्रिलिकचा कपडा असा आटत नाही. तो जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये हळू फिरणाऱ्या चक्रावर धुतला तरी चालतो. त्याचा वैरी इस्त्री. गरम इस्त्रीने किंवा जोराच्या वाफेने त्याचा धागा लुळा पडतो, कमरेची पट्टी सैल होते आणि ती पुन्हा कधीच आवळत नाही.

घालताना

आपल्याकडच्या थंडीची अडचण अशी की पहाटे निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला असला तरी दुपारी उन्हात घाम येतो. त्यामुळे डोक्यातून घालायच्या एका जाड स्वेटरपेक्षा पुढे गुंड्या असलेला पातळ स्वेटर आणि त्याच्या आत सुती सदरा किंवा कुर्ता अधिक कामाचा ठरतो. ऊब धाग्यात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा अधिक उबदार लागतात आणि अकरा वाजता त्यातला एक काढूनही टाकता येतो. हीच गोष्ट दुचाकीवर उलटते. विणीच्या भोकांतून वारा ती अडकलेली हवा सरळ पळवून नेतो, म्हणून स्कूटरवरून जाणाऱ्याने स्वेटरवर साधे का होईना पण वारा अडवणारे जाकीट घातलेच पाहिजे.

साडीवर स्वेटर घालायचा तर तो कमरेपाशी संपणारा आणि गुंड्यांचा असावा. लांब स्वेटरखाली निऱ्या फुगतात आणि पदर बोळा होऊन बसतो. पदर स्वेटरच्या वरून घेतला तर काठ दिसतो आणि गळ्याशी आणखी एक थर मिळतो. पुरुषांना कॉलरच्या शर्टावर इंग्रजी व्ही आकाराच्या गळ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर शोभतो, पण तो कमरेच्या पट्ट्याखाली चार बोटांहून अधिक लोंबू नये. भरगच्च विणीच्या स्वेटरखाली बारीक चौकड्यांचा शर्ट घातला की नजर कुठेच ठरत नाही. तिथे एकरंगी कापड बरे. टोचणाऱ्या लोकरीची परीक्षा हाताच्या तळव्यावर न घेता मानेच्या कडेला घ्यावी. दख्खनी मेंढीची राठ लोकर घोंगडीसाठी नामी, पण गळ्याशी ती कोणाला सोसत नाही.

मंगळसूत्राच्या वाट्या, घड्याळाचा पट्टा आणि खड्याची अंगठी हे तिघे धागा ओढण्यात पटाईत आहेत. ओढलेला धागा कापू नये, कारण कापलेल्या टोकापासून टाके उसवत जातात. बारीक क्रोशाची सुई आतल्या बाजूने घालून तो धागा आत ओढून घ्यावा आणि आजूबाजूची वीण चिमटीत धरून हलकी ताणावी. काखेत आणि सॅकचा पट्टा घासतो तिथे येणारे बारीक गोळे ही घर्षणाची खूण आहे. कपडा सपाट जागेवर ताणून ते कंगव्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या छोट्या यंत्राने काढावेत, हाताने उपटू नयेत.

ट्रंकेत ठेवताना

कपडे-पुस्तके खाणाऱ्या कुठल्याही बारीक किड्याला आपण ‘कसर’ म्हणतो. लोकर खाते ती एका फिकट पिवळसर पतंगाची अळी; उडणारा पतंग स्वतः काहीच खात नाही. या अळीला अंधार, शांतता आणि घामाचा किंवा सांडलेल्या आमटीचा अंश लागलेली लोकर फार आवडते. म्हणून एकदाच घातलेला स्वेटरही धुऊनच ठेवावा. ‘एकदाच तर घातला होता’ म्हणून तसाच घडी केलेला स्वेटर कार्तिकात गळ्याशी चाळणी होऊन निघतो.

दुसरी गोष्ट ओलीची. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषूनही हाताला कोरडी लागते, त्यामुळे वाळली असे वाटल्यावरही आणखी दोन दिवस ती पंख्याखाली उघडी ठेवावी. हे काम मार्चमध्ये, हवा कोरडी असतानाच उरकावे. ठेवण्याआधी कपड्यांना अर्धा तास ऊन दाखवून शिवणी आणि घड्या ब्रशने झटकाव्यात, म्हणजे अंडी असलीच तर गळून पडतात. नंतर जुन्या सुती साडीत किंवा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या ट्रंकेत घडी घालूनच ठेवावे. हँगरवर टांगलेल्या स्वेटरच्या खांद्यांना वर्षभरात शिंगे फुटतात. ट्रंक ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये.

डांबरगोळ्या घालायच्या तर पुरचुंडीत बांधून, कपड्याला चिकटणार नाहीत अशा ठेवाव्यात. त्या घातलेल्या ट्रंकेतले कपडे वा दुपटी तान्ह्या बाळाला मुळीच वापरू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते आणि डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या संपर्काने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड यांच्या वासाने पतंग थोडाफार दूर राहतो, पण आत असलेली अळी त्याने मरत नाही. कसर लागलीच असेल तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता दिवसभर तशीच ठेवावी, म्हणजे दव पिशवीवर जमते, लोकरीवर नाही.

पावसाळ्यात झड लागलेली असताना ट्रंक उघडू नये. भाद्रपदात दोन-तीन दिवस सलग ऊन पडले की तिसऱ्या दिवशी दुपारी ती उघडावी, सगळ्यात खालचा स्वेटर काढून त्याचा गळा उजेडासमोर धरून पाहावा आणि भोक दिसले नाही तर घड्या बदलून सगळे परत ठेवावे.