लांबच्या प्रवासासाठी मोटरहोम कसं निवडावं?

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघायला गेलं की नजर आधी पलंग, ओटा आणि पडद्यांवर जाते. पण लांबच्या प्रवासात गाडी पटते की नाही, हे ठरतं ती किती वजन पेलते यावर. म्हणून आतली सजावट शेवटी बघा.

सुरुवात रस्त्यापासून करा. अरुंद रस्ते, जुनी गावं, रोज नवा मुक्काम असा बेत असेल तर सहा मीटरच्या आतली कॅम्परव्हॅन (राहायची सोय केलेली व्हॅन) घ्या. एकेका जागी आठवडाभर राहायचं असेल तर मागे ओढायची कॅरव्हॅन सोयीची, कारण ती तळावर सोडून मोटार घेऊन फिरता येतं. मोठं मोटरहोम या दोन्हींच्या मधलं: आत ऐसपैस, पण पार्किंगला अडचणीचं.

आता वजन. कागदपत्रांत दोन आकडे असतात: गाडीचं कमाल मान्य वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. या दोहोंतला फरक, तेवढंच सामान आणि माणसं तुम्ही नेऊ शकता. समजा, कमाल वजन ३५०० किलो आणि रिकामी गाडी ३००० किलो. उरले ५००. चार माणसांचे २८०, शंभर लिटर पाण्याचे १००, भरलेल्या दोन गॅस सिलिंडरचे ४०, गाडीच्या बाजूला सावलीसाठी उघडायच्या बाहेरच्या छताचे ३०. झाले ४५०! कपडे, अंथरुणं, भांडी, शिधा, खुर्च्या, सगळं उरलेल्या ५० किलोंत बसवायचं. रिकाम्या वजनात चालक आणि इंधन धरलंय का, हे विक्रेत्याला विचारून लेखी घ्या. नंतर बसवलेलं छत, जादा बॅटरी, सोलर पॅनल यांचं वजन बहुतेक वेळा त्यात धरलेलं नसतं.

सायकली मागे टांगणार असाल तर आणखी एक हिशेब करा. पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर आहे आणि सायकली मागच्या चाकांपासून दोन मीटर मागे आहेत, असं धरू. मग ५० किलोंच्या सायकलींमुळे मागच्या अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, ७५ किलो वाढतात आणि पुढचा अॅक्सल २५ किलोंनी हलका होतो. तरफेचाच नियम हा. मागचे टायर तापून फुटतात आणि स्टिअरिंग हलकं लागतं, ते यामुळेच.

झोपायच्या जागा आणि बसायच्या जागा वेगवेगळ्या मोजा. चार जण झोपू शकतात म्हणून चौघांना सीटबेल्ट असतीलच असं नाही.

पाणी दोघांना जपून वापरलं तरी दिवसाला २० ते ३० लिटर लागतं. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढी तरी असावी. ती लहान असेल तर आधी तीच भरते आणि पाणी शिल्लक असूनही मुक्काम हलवावा लागतो.

विजेचं गणितही सोपं आहे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ४० अँपिअर-तास (बॅटरीतली वीज मोजायचं माप) खातो. दिवे, पंप, पंखा, फोन मिळून आणखी ३० धरा. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. तेवढ्याच लिथियम बॅटरीतून ८० ते ९० मिळतात. एसी मात्र बॅटरीवर चालवायचा विचार सोडा: हजार वॉटचा एसी शंभरची बॅटरी तासाभरात रिकामी करतो.

वापरलेली गाडी घेणार असाल तर पहिला शत्रू ओल. पाऊस पडून गेल्यावर बघायला जा आणि दारं-खिडक्या आधीपासून बंद ठेवायला सांगा. दार उघडताच कुबट वास आला तर सावध व्हा. खिडक्यांभोवती, छतावरच्या झडपेच्या कडांना, वरच्या कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून बघा. भिंत दबली, किंवा कागदाला सुरकुत्या दिसल्या, तर आतलं लाकूड कुजायला लागलेलं असू शकतं. ओल मोजायचं यंत्र बरोबर न्या. वीस टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर सौदा थांबवा आणि पाणी कुठून शिरतंय ते शोधायला लावा. नुसतं वरून सिलिकॉन फासून ही गळती बरी होत नाही.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. या गाड्या उभ्या जास्त राहतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नव्या टायरचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

इथपर्यंत गाडी टिकली की तासभर आत राहा. पलंगावर सरळ झोपा, टेबलाचा बिछाना स्वतः करून बघा, शौचालयाचं दार लावून बसा, एक जण ओट्याशी असताना दुसऱ्याला पलीकडे जाता येतं का बघा. जमलं तर त्याच आकाराची गाडी दोन-तीन रात्री भाड्याने घ्या.

आणि पूर्ण पैसे देण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. मागच्या अॅक्सलचा आकडा त्याच्या मर्यादेच्या जवळ आला असेल आणि तुमचं सामान अजून चढायचं असेल, तर ती गाडी सोडून द्या.