बार्बाडोसला दोघंच जाताय?
निवांत डुंबायचं असेल तर मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर ठेवा. तिथला समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. पूर्वेकडचं बाथशेबा बघायला जरूर जा, पण पोहायला उतरू नका, पाण्याला ओढ फार. खरी काळजी घ्यायची ती सावली निवडताना. किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं असतात. फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी, पण विषारी. चीक आपल्या बिब्ब्यासारखा अंगावर उततो, म्हणून पावसात त्याखाली आडोशाला मुळीच थांबू नये. बऱ्याच खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो, तो दिसला तर त्या झाडाखाली चटई टाकू नका. आणि हो, नवऱ्याची ती मिलिटरी छापाची बर्म्युडा घरीच राहू द्या. तिथे असे कपडे घालणं चक्क बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा!