बाणेरचा फ्लॅट इंग्लंडात आडवा येतो

इथे घर घ्यायचं म्हणून नवीन मंडळी फोन करतात, तेव्हा मी बजेट विचारत नाही. "तिकडे तुमच्या नावावर काय काय आहे?" हे आधी विचारतो. पलीकडे जरा शांतता. मग, "पुण्यात बाणेरला एक फ्लॅट आहे, पण तो आईबाबांसाठी घेतलाय. त्याचा इकडे काय संबंध दादा?"

संबंध आहे, आणि हजारो पौंडांचा आहे. समजा लंडनजवळच्या स्लाउला साडेचार लाख पौंडांचं घर बघताय. जगात कुठेही तुमचं घर कधीच नव्हतं, तर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी स्टँप ड्यूटी ७,५०० पौंड. पूर्वी कधी घर होतं आणि विकलंत, तर पहिल्या घराची सवलत गेली. मग १२,५०० पौंड. आणि बाणेरचा फ्लॅट अजून नावावर असेल तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण ३५,००० पौंड. तोच रस्ता, तेच घर. (हे इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे कर वेगळे आहेत.)

तिकडच्या घरातल्या तुमच्या वाट्याची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असली की हा जादा कर लागू होतो, आणि पुण्यात तेवढी किंमत व्हायला फार मोठा फ्लॅट लागत नाही. नवरा-बायको यात एकच धरतात. "फ्लॅट तिच्या नावावर आहे, मी एकटाच घेतो" ही युक्ती चालत नाही. सोय म्हणून बाबांच्या नावाशेजारी तुमचं नाव घातलं असेल तर इंडेक्स टू काढून बघा, तुम्ही सहमालक आहात की सोसायटीच्या कागदावर नुसते नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सातबाऱ्यावरची शेतीही घर नव्हे, पण गावच्या वाड्यातला हिस्सा घरात मोडतो. वारशाने आलेल्या हिश्शाला काही काळ सूट मिळू शकते, तेव्हा तारखा सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, सांगा. हे सगळं ऑफर द्यायच्या आधी, नंतर नव्हे. आणि "इथे कुणाला कळणार आहे" म्हणून फॉर्मवर खोटं लिहू नका. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तर मुळीच नाही.

अगदी नुकतेच उतरला असाल तर आणखी एक गोम आहे. खरेदीआधीच्या वर्षभरात १८३ दिवस या देशात काढले नसतील तर वर २ टक्के. हे पैसे पुढे दिवस भरले की परत मागता येतात, पण आधी खिशातून जातातच.

आता टोकनबद्दल. आपल्याकडे टोकन दिलं, साखरपुडा झाल्यासारखं वाटतं. इथे ऑफर स्वीकारली म्हणजे काहीही झालेलं नसतं. 'एक्स्चेंज' होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या. एक्स्चेंज म्हणजे आपलं साठेखत समजा, तेव्हा साधारण १० टक्के भरायचे. 'कंप्लीशन' म्हणजे खरेदीखत आणि किल्ली. ऑफर ते एक्स्चेंज हे दोन-चार महिने जीव टांगणीला. माझं पहिलं घर असंच गेलं. सर्व्हे झाला, वकिलाचं अर्धं काम झालं, बायकोने पडद्यांची मापंसुद्धा घेतली, आणि मालकाने जास्त देणाऱ्याला घर दिलं. याला इथे गझंपिंग म्हणतात आणि ते बेकायदा नाही. सर्व्हेचे पैसे बुडाले. तरीही सर्व्हे टाळू नका. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं. छप्पर, ओल, खचलेली भिंत तुमच्या वतीने बघायला वेगळा सर्व्हेअर लागतो. घर जुनं असेल तर लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे, करा.

एजंट गोड बोलतो, चहा विचारतो, पण त्याची फी विकणारा देतो. माणूस त्याचाच. तो सुचवेल तोच सॉलिसिटर घ्यायचं बंधन नाही.

फ्लॅट घेणार असाल तर लीज (इथे फ्लॅट बहुधा ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो) किती वर्षं उरलंय ते आधी विचारा, स्वयंपाकघर नंतर बघा. ८० वर्षांखाली आलं की वाढवायचा खर्च चढतो आणि बँका नाक मुरडतात. सर्व्हिस चार्ज म्हणजे आपला सोसायटीचा मेंटेनन्स, फक्त इथे बऱ्याचदा जनरल बॉडीत उठून भांडायची सोय नसते. गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागा. उंच इमारत असेल तर बाहेरच्या आवरणाचे, आगीच्या सुरक्षेचे कागदही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीनंतर त्यांच्याशिवाय कर्ज अडतं. मालक नक्की कोण, हे लँड रजिस्ट्रीवर ७ पौंडांत बघता येतं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे घातलेल्या खेपा आठवल्या की मला हे अजून गंमतीचं वाटतं.

पैशांचा माग सॉलिसिटर बारकाईने काढतो. बाबांनी एफडी मोडून पाठवले असतील तर एफडीची पावती, त्यांचं बँक स्टेटमेंट, 'ही भेट आहे, परत नको' असं सही केलेलं पत्र, सगळं लागतं. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. तुमच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं तिकडचं रुपयांतलं खातं) दहा लाख डॉलरपर्यंत, पण सीएचं प्रमाणपत्र घेऊन. तिकडची कागदपत्रं जमायला वेळ लागतो, म्हणून घर बघायला लागण्याआधीच त्या कामाला लागा.

पुढेमागे विकायची वेळ आली तर शेजाऱ्याशी झालेलं कुंपणाचं भांडण फॉर्मवर लिहावं लागतं, आणि मागे काढलेल्या वाढीव खोलीची परवानगीही दाखवावी लागते. घेताना हेच कागद समोरच्याकडून मागून ठेवा.

एक्स्चेंजच्या दिवसापासून घराचा विमा तुमच्या नावाने सुरू करा. त्या रात्री छप्पर उडालं तरी घर तुम्हालाच घ्यावं लागतं. शेवटची रक्कम पाठवायच्या सुमारास 'आमचं खातं बदललंय' अशी सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आली तर एक पैसाही पाठवू नका. पहिल्या भेटीत लिहून घेतलेल्या नंबरवर फोन लावा, त्या ईमेलमधल्या नव्हे.