लिव्हर सोडल्यावर तेल कुठे जातं?

माझ्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे आज हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे तीन लिव्हर आहेत, मागे जोडलेल्या अवजारांचे सिलेंडर तेलाच्या दाबाने चालवायला. पहिल्यांदा चार बसवले होते, ते दोन दिवसांत उतरवावे लागले. विकणाऱ्याने विचारलं, ‘किती स्पूल देऊ?’ आणि मी हौसेने म्हणाले, ‘द्या चार, पुढेमागे लागतील.’ स्पूल म्हणजे व्हॉल्व्हमधली सरकती दांडी, प्रत्येक लिव्हरमागे एक. खरा प्रश्न आकड्याचा नव्हताच. लिव्हर मधोमध असताना तेल कुठे जातं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना गिअर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर तो तेल ढकलतच राहतो, तुम्ही काही उचला नाहीतर नका उचलू. हे तेल एकामागून एक व्हॉल्व्हमधून फिरून गिअरबॉक्सच्या हाऊसिंगमध्ये परत येतं, कारण तीच त्याची टाकी. याला ओपन सेंटर म्हणतात. पाटाच्या पाण्यासारखंच आहे. वरच्याने बारं आपल्या वाफ्यात फोडलं की खालच्याने थांबायचं. पुढे लोडर असेल तर तो पहिला, मग मागचे रिमोट, म्हणजे हेच लिव्हरचे व्हॉल्व्ह, आणि सर्वांत शेवटी अवजार उचलणारी थ्री-पॉइंट लिफ्ट. म्हणून रिमोटचा लिव्हर पूर्ण ओढलेला असताना लिफ्ट उचलत नाही. तो बिघाड नव्हे.

माझ्या पहिल्या व्हॉल्व्हला दोनच तोंडं होती, एक आत येणारं, एक बाहेर जाणारं. बाहेरचं तोंड मी लिफ्टच्या पाइपला जोडलं. रिकामी लिफ्ट छान उठली. मग रोटाव्हेटर अडकवून उचलायला गेले, तर स्पूलच्या टोकाचे सील सुटले आणि पायावर गरम तेल. कारण साधं. त्या व्हॉल्व्हची परतीची बाजू टाकीत मोकळं सोडण्यासाठी बनवलेली असते, दाब सोसण्यासाठी नाही. मी तिच्या पुढे लिफ्ट ठेवली, लिफ्टने भार घेतला आणि सगळा दाब मागे त्या सीलवर आला.

म्हणून पहिली अट पॉवर बियॉन्डची. अशा व्हॉल्व्हला तीन वाटा असतात: पंपाकडून येणारी, पुढे लिफ्टकडे जाणारी दाबाची, आणि सिलेंडरमधून परतलेलं तेल टाकीत सोडणारी. ही तिसरी लाइन थेट हाऊसिंगमध्ये न्या, होज जाडच ठेवा आणि तिच्यावर कॉक बसवू नका. चुकून बंद राहिला तर माझीच गोष्ट पुन्हा. काही व्हॉल्व्हना पॉवर बियॉन्डची स्लीव्ह नंतर घालता येते, काहींना येत नाही. ‘होईल काहीतरी’ या बोलण्यावर विसंबू नका, ड्रॉइंगमध्ये ते तोंड दाखवा म्हणा. तुमचा ट्रॅक्टर क्लोज्ड सेंटर किंवा लोड सेन्सिंग असेल, म्हणजे लिव्हर मध्ये असताना तेल असं मोकळं फिरत नसेल, तर हा व्हॉल्व्ह तुमच्यासाठी नाहीच, त्याला वेगळ्या बनावटीचा लागतो.

आता स्पूल. इथे घाई करू नका. कागद घ्या, मागे जोडायच्या अवजारांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे लिव्हर सोडल्यावर तेलाने काय करायला हवं ते लिहा. माझ्या कागदावर तीन ओळी झाल्या: हायड्रॉलिक टॉप लिंक (अवजार पुढे-मागे कलवणारा वरचा दांडा), बाजूची टिल्ट लिंक (ते डावी-उजवीकडे कलवणारी), आणि तिसऱ्या ओळीत डंपिंग ट्रॉली किंवा गवत कापणारा कटर-बार. ट्रॉली आणि कटर-बार एका वेळी कधीच लागत नाहीत, मग त्यांना दोन स्पूल कशाला? चारचे तीन झाले ते इथेच.

साध्या सिलेंडर स्पूलमध्ये लिव्हर मध्ये आला की सिलेंडरकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा बंद होतात. ऐकायला भक्कम वाटतं. पण स्पूल म्हणजे घासून बसवलेली लोखंडी दांडी. तिच्या कडेने तेल थोडं थोडं झिरपतंच, आणि तासाभरात टॉप लिंक बोटभर सरकते. ‘लोड चेक’ आहे, असं विक्रेते सांगतात. ते लिव्हर हलवायला घेताना भार क्षणभर खाली बसू नये एवढ्यापुरतं. लिंक जागच्या जागी राहायला सिलेंडरवरच पायलट चेक व्हॉल्व्ह हवा. तो सिलेंडरमधलं तेल अडवून धरतो आणि दुसऱ्या वाटेचा दाब, म्हणजे पायलट, मिळाला तरच सोडतो. आणि हा चेक नीट बंद व्हायचा असेल तर स्पूल मधोमध आल्यावर दोन्ही वाटा टाकीकडे मोकळ्या व्हायला हव्यात, नाहीतर पायलटच्या लाइनमध्ये दाब अडकून चेक अर्धवट उघडा राहतो. म्हणजे घट्ट धरायच्या सिलेंडरसाठी मोकळा स्पूल! मला हे दोनदा समजावून घ्यावं लागलं. या मोकळ्या स्पूलला मोटर स्पूल म्हणतात. खड्डे घेणाऱ्या ऑगरसारखी हायड्रॉलिक मोटर जोडायची असेल तरी हाच घ्या. फिरत्या मोटरच्या दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या तर तिला जबरदस्त झटका बसतो.

ट्रॉलीचं वेगळंच. तिचा सिलेंडर सिंगल ॲक्टिंग, म्हणजे तेल फक्त उचलतं, उतरणं वजनाने; होज एकच. साध्या डबल ॲक्टिंग स्पूलवर ती उचलते झकास, पण उतरवताना पंपाचं तेल दुसऱ्या, बंद वाटेवर जाऊन आदळतं आणि ट्रॉली खाली येईपर्यंत रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, किंचाळत राहतो. फ्लोट असलेला स्पूल घेतला की दोन्ही वाटा टाकीला मिळतात, पंपाचं तेल मुकाट पुढे जातं आणि ट्रॉली स्वतःच्या वजनाने उतरते. कटर-बारलाही जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली व्हायला फ्लोटच लागतो. एकच सांगते, भार वर असताना लिव्हर चुकून फ्लोटमध्ये गेला तर तो धाडकन खाली येतो. खाली कोणी नाही ना, हे बघूनच हात लावा.

लिव्हर ढकलल्यावर तिथेच अडकून राहावा यासाठी डिटेंट असतो. तो फ्लोटला आणि मोटरला हवा. सिलेंडरच्या लिव्हरला नको. हात काढला की मध्ये आला पाहिजे. नाहीतर सिलेंडर टोकाला जाऊन थांबतो, तुमचं लक्ष दुसरीकडे असतं आणि सगळं तेल रिलीफवरून फिरून तापत बसतं. किती तापतं? बार गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले 600, म्हणजे किलोवॅट. 160 बार आणि 24 लिटरला साडेसहाच्या जवळपास येतात. एवढी शेगडी गिअरबॉक्सच्या पोटात पेटवून ठेवायची का?

पंपाचा आकडा मॅन्युअलमधून घेताना स्टिअरिंगचा वाटा वजा करा. बरेच जण दोन्ही पंपांची बेरीज छापतात. माझ्याकडे अवजारांसाठी 24 लिटर उरतात, म्हणजे सेकंदाला 400 मिलिलिटर. टॉप लिंकच्या सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक (सरकायची लांबी) 20 सेंटिमीटर असेल तर त्यात 390 मिलिलिटर तेल मावतं. एका सेकंदात टोकापासून टोकापर्यंत! लेव्हल कसली धरता? म्हणून त्या होजमध्ये तेलाची वाट अरुंद करणारा रिस्ट्रिक्टर घातला. व्हॉल्व्हचं माप पंपाच्या थोडं वर असू द्या. लहान घेतला तर दिवसभर त्यातून फिरणारं तेल तापतं, फार मोठा घेतला तर लिव्हरची नाजूक चाल जाते. नव्या व्हॉल्व्हवरचा रिलीफ ट्रॅक्टरच्या रिलीफच्या वर सेट करू नका, आणि दाब गेज लावून बघा, कानाने नको.

व्हॉल्व्ह मोनोब्लॉक की सुटे तुकडे जोडलेला, सेक्शनचा? तीनच स्पूल नक्की असतील तर एकसंध ओतीव मोनोब्लॉक. दोन सेक्शनमध्ये ओ-रिंग असते आणि ती कधीतरी गळतेच. पुढे वाढवायचं खरंच मनात असेल तरच सेक्शनचा घ्या.

आट्यांचा घोळ सर्वांत चिवट. बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन वेगळ्या पद्धती, पण दोन्हीत अर्ध्या इंचाला इंचामागे 14 आटे. त्यामुळे एकात दुसरं दोन-तीन फेरे गोडीत जातं आणि आपण फसतो. आट्याचा कोन मात्र बीएसपीचा 55 अंश, एनपीटीचा 60. गळणारच. ओ-रिंगच्या तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा तुटला तर स्पूलमध्ये जाऊन बसतो. होज जोडायचे मागचे कपलर अर्ध्या इंचाचे, शेतीच्या अवजारांना सर्रास लागतात तेच घेतले, आणि प्रत्येकाला टोपी. मातीचा एक कण आत गेला की स्पूलवर चरा पडतो आणि मग सगळा हिशोब वाया.

ब्रॅकेट भावोजींनी वेल्ड करून दिला. लिव्हर आधी त्यांच्या हाताच्या अंतरावर आले होते, मला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. वेल्ड करण्याआधी चालवणाऱ्याला सीटवर बसवून खूण करा.

पहिल्यांदा सुरू करताना अवजार जमिनीवर ठेवा. सगळे सिलेंडर दोन-तीनदा चालवून हवा काढा, मग ते आत घेऊन तेलाची पातळी बघा. ट्रॉलीचा 80 मिलिमीटर बोअर, 80 सेंटिमीटर स्ट्रोकचा सिलेंडर चार लिटर तेल पोटात घेतो, तेवढं गिअरबॉक्समधून कमी होतं. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात कधीच नाही. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखान्यात जायचं आणि तेल घुसलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. होज सोडण्यापूर्वी इंजिन बंद, अवजार खाली आणि सगळे लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब मोकळा. पाच-सहा तास काम झालं की ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा. माझे दोन ढिले निघाले.