केमिस्ट्रीच्या डेमोसाठी शील्ड घेताय? या चुका टाळा

सोडियम-पाण्याचा डेमो, म्हणजे पाण्यात सोडियमची गोळी टाकून दाखवायचा प्रयोग, करायचा म्हटलं की समोर काहीतरी आरपार दिसणारं उभं केलं म्हणजे झालं असं बरेच जण धरून चालतात आणि घोळ तिथेच होतो. काच, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट लांबून सारखंच दिसतं, पण गोळी बीकरच्या काठाला चिकटून फटकन उडाली, बीकर फुटला की तिघांचं वागणं वेगळं. साधी काच फुटली की तिचेच तुकडे पोरांच्या अंगावर. ॲक्रिलिक काचेपेक्षा दणकट, पण जोरात बसलं तर तेही तडकतं आणि कडा धारदार निघतात. पॉलिकार्बोनेट वाकतं, पोचा पडतो, सहसा फुटत नाही. शील्ड त्याचंच घ्या, ६ मिमीच्या खाली जाऊ नका.

कोरोनात काउंटरवर लावलेल्या शीट अजून पडून असतील तर त्या बहुतेक पातळ ॲक्रिलिकच्या, थुंकी अडवायला केलेल्या, त्या इथे नकोत. तेव्हाचे फेस शील्डही गॉगलच्या जागी चालत नाहीत.

दुकानात नुसतं 'पॉलिकार्बोनेट द्या' म्हटलं की शेडवर टाकायची पोकळ शीट पुढे येते, सॉलिड मागा, बिलावर मटेरियल आणि जाडी लिहून घ्या. कापताना उरलेली बारीक पट्टी मागून घ्या आणि गॉगल घालून पकडीने वाकवून बघा, ॲक्रिलिक काटकन तुटतं, पॉलिकार्बोनेट वाकून राहतं.

पुसण्यात तर मीच चूक केलीये. मार्करचे डाग निघेनात म्हणून ॲसिटोनचा बोळा फिरवला, डाग गेले पण तेवढी जागा पांढुरकी झाली आणि स्क्रूच्या भोकापासून केसासारख्या चिरा निघाल्या, अख्खी शीट बाद. स्क्रू आवळलेला असला की तिथे आधीच ताण असतो, त्यात सॉल्व्हंट लागलं की प्लॅस्टिक तडकतं, म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडा आणि करकचून आवळू नका. टोल्युइन, क्लोरोफॉर्म, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड, सगळं लांबच ठेवा. सोडियमच्या डेमोत उडतं ते पाणीही सोडियम हायड्रॉक्साइडचंच असतं, ते अल्कली आहे आणि अल्कली पॉलिकार्बोनेटला हळूहळू खातं, तर तास संपला की लगेच धुवा, साबणाचं पाणी आणि मऊ कापड, घासणी नाही.

आणि एकच शीट पोरांच्या बाजूला लावून आपण मागे उघडे उभे राहतो, तेही बरोबर नाही. बाजू झाका, शील्ड टेबलाला क्लॅम्प करा, शील्ड असलं तरी गॉगल सगळ्यांनाच, मास्तरांनाही.

काही डेमो मात्र शील्ड लावूनही करू नयेत. मिथेनॉल पेटवून रंगीत ज्वाला दाखवायचा प्रयोग टेबलावर उघड्यावर करू नका असं अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१४ मधेच सांगितलं, कारण पेटत्या भांड्यात बाटलीतून पुन्हा मिथेनॉल ओतलं की बाटलीच्या तोंडातून जाळाचा झोत समोरच्या बाकापर्यंत जाऊ शकतो. त्याऐवजी आइस्क्रीमच्या काड्या रात्रभर तांबं, स्ट्रॉन्शियम अशा धातूंच्या क्षारांच्या पाण्यात भिजवा आणि बर्नरवर धरा, तांब्याचा हिरवा आणि स्ट्रॉन्शियमचा लाल रंग मागच्या बाकावरूनही दिसतो.