पू, गजकर्ण की खरूज? त्वचेचे संसर्ग ओळखावेत कसे आणि बरे करावेत कसे

त्वचेवर काही उठले की हात आधी मलमाच्या ट्यूबकडे जातो आणि डोळे नंतर चट्ट्याकडे वळतात. हा क्रम उलटा असायला हवा, कारण जिवाणू, बुरशी आणि परजीवी यांची औषधे वेगळी असतात आणि एकावरचे औषध दुसऱ्यावर सहसा चालत नाही. दिवसाच्या उजेडात सगळी जागा नीट पाहावी. ती दुखते की खाजते, चट्टा काही दिवसांत वाढला की काही आठवड्यांत, त्याची कड कशी आहे आणि घरात आणखी कोणाला खाज सुटली आहे का, हे आधी विचारावे. वेदना, ऊब, सूज आणि पू दिसल्यास जिवाणूंचा संशय घ्यावा. हळूहळू पसरणारा, खाजरा आणि कडेला कोंडा असलेला चट्टा बहुधा बुरशीचा असतो. आणि रात्री अंथरुणात वाढणारी, घरातल्या दोघातिघांना एकदमच छळणारी खाज परजीवीकडे बोट दाखवते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे जांभळट छटा आणि ताणलेली, चकचकीत त्वचा शोधावी, आणि हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही अंगांची ऊब ताडून पाहावी.

दोन गोष्टी मात्र या तिन्ही गटांबाहेरच्या आहेत. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठलेले, आग होणारे पाण्याचे फोड बहुधा नागिणीचे असतात. तो विषाणूचा आजार आहे आणि त्याचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. तसेच ज्या फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नाही त्यावर गजकर्णाचे मलम चोळत बसू नये. तो चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि तो डॉक्टरांना दाखवावा.

पू आणि सूज असेल तर

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती बारीक फोड येऊन फुटतात आणि त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरते, तो इम्पेटिगो. तो फार लवकर पसरतो. कोमट पाण्याने खपली भिजवून हलकेच काढावी आणि मग म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम दिवसातून दोन-तीन वेळा, सहसा ५ ते ७ दिवस, लावावे. खपली न काढता वरून लावलेले मलम जिवाणूंपर्यंत नीट पोहोचत नाही. फोड अनेक ठिकाणी असतील किंवा ताप असेल तर पोटातून प्रतिजैविक लागते. पुढच्या काही आठवड्यांत मुलाच्या चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

केसतूड किंवा गळू दाबून फोडू नये, आणि नाक व वरच्या ओठाच्या भागातले तर मुळीच नाही. स्वच्छ कापड गरम पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा १०-१५ मिनिटे शेकावे. लहान गळू बहुधा आपोआप फुटून निचरा होतो. मोठ्या गळवाला डॉक्टरांनी छेद देऊन पू काढणे हाच खरा उपचार असतो. गळवे वारंवार येत असतील तर रक्तातील साखर तपासावी.

एक पाय अचानक गरम, लाल आणि दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर तो सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेच्या खोल थरांतला जिवाणूंचा संसर्ग, समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. येथे मलमाचा उपयोग नाही. पोटातून किंवा शिरेतून प्रतिजैविक लागते आणि पाय उंचावर ठेवावा लागतो. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहून ठेवावी, म्हणजे ती पुढे सरकते आहे की मागे हटते आहे हे कळते. त्वचा दिसते त्यामानाने वेदना असह्य असेल, जागा काळी-निळी पडत असेल किंवा तिच्यावर मोठे फोड येत असतील, तर मांस सडवणारा संसर्ग असू शकतो आणि रुग्णालयात जायला एक तासही थांबू नये.

खाजरी, पसरणारी बुरशी

गजकर्ण किंवा नायटा ओळखायचा तो कडेवरून. कड उंच, खरखरीत आणि कोंडा सुटलेली असते, तर मधला भाग निवळत जातो. मांड्या-जांघा, कंबर आणि काखा येथे तो अधिक दिसतो. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचे साधे क्रीम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत लावावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्यापलीकडे पोहोचलेली असते. त्वचा निवळली तरी आणखी आठवडा-दोन आठवडे क्रीम चालू ठेवावे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते; लोक सहसा त्याहून कमी लावतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात.

या आजारात सर्वांत मोठा घोळ घालते ती स्टेरॉइड मिसळलेली क्रीम. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ती गजकर्णावर स्वतःच्या मनाने लावू नये. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, त्यामुळे औषध चांगले वाटते. पण स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुरशी निवांत पसरते. मग कड पुसट होते, एका वर्तुळात दुसरे वर्तुळ दिसू लागते, जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात, आणि क्रीम बंद करताच खाज दुप्पट जोराने परतते. असे झाल्यावर पुन्हा तीच ट्यूब आणणे हा उपाय नव्हे. त्यातच टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशीही अलीकडे आढळू लागली आहे, त्यामुळे जुनाट गजकर्णाचा उपचार त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवावा.

डोक्यातील आणि नखांतील बुरशी वरच्या क्रीमने सहसा जात नाही. तिला गोळ्या लागतात, आणि पायाच्या नखांना तर टर्बिनाफिन साधारण १२ आठवडे घ्यावे लागते. केटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र त्वचेच्या बुरशीसाठी घेऊ नयेत; यकृताला होणाऱ्या इजेमुळे २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी त्यांविरुद्ध इशारा दिला.

पायाच्या बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांवर तीच क्रीम चालतात, पण बेचकी रोज कोरडी केल्याशिवाय काही साधत नाही. शिवाय तिथल्या भेगांतूनच सेल्युलायटिसचे जिवाणू आत शिरतात. छातीपाठीवरच्या शिब्यांना केटोकोनॅझोल शाम्पू पुरेसा असतो. बुरशी मेली तरी फिकट डाग भरून यायला काही महिने लागतात, म्हणून केवळ रंग पाहून उपचार पुन्हा सुरू करू नये; नखाने हलके खरवडल्यावर कोंडा सुटतो का ते पाहावे.

रात्रीची खाज

खरजेचा कीटक डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण त्याने पोखरलेले बीळ शोधता येते. बोटांच्या बेचक्यांत किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला काही मिलिमीटर लांबीची, करडी, नागमोडी रेघ असते आणि तिच्या टोकाला बारीक ठिपका असतो. संशय आल्यास त्या जागी शाई लावून पुसावी. बीळ असेल तर शाई रेघेत राहते. कंबर, काखा, स्तनाग्रे आणि जननेंद्रिये येथेही पुरळ असते. पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात, म्हणून खाज नसलेला घरचा माणूसही ती पसरवत असतो.

त्यामुळे उपचार घरातल्या सर्वांचा एकाच रात्री व्हायला हवा. ५ टक्के परमेथ्रिन क्रीम कोरड्या, थंड त्वचेवर मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत लावावे; बेंबी, नखांखाली आणि बोटांमध्ये विसरू नये. ८ ते १४ तासांनी धुवावे, मधे हात धुतले तर तेथे पुन्हा लावावे, आणि एका आठवड्याने सर्व पुन्हा करावे. तान्ह्या मुलांच्या डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावावे लागते, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. खरजेवरच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या गरोदर स्त्रियांना आणि १५ किलोंखालील मुलांना सहसा देत नाहीत. त्याच दिवशी कपडे, चादरी आणि टॉवेल गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून आठवडाभर बाजूला ठेवावे, कारण माणसाच्या अंगापासून दूर कीटक दोन-तीन दिवसच जगतो. कीटक मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा परमेथ्रिन चोळल्याने त्वचा भाजल्यासारखी होते; नवे बीळ दिसले तरच डॉक्टरांकडे परत जावे.

उवांचे काम सोपे आहे: १ टक्का परमेथ्रिनचे लोशन १० मिनिटे ठेवून धुवावे, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवावी आणि लिखांतून निघालेल्या नव्या उवांसाठी ७ ते १० दिवसांनी तेच पुन्हा करावे.

डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत वापरलेल्या सर्व ट्यूब सोबत न्याव्यात. बुरशीची शंका असल्यास कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि आधीच क्रीम लावलेले असेल तर बुरशी असूनही दिसत नाही. म्हणून तपासणी ठरली असेल तर क्रीम किती दिवस आधी थांबवायचे हे फोन करून विचारून घ्यावे.